एका बैठकीत भरलेलं पुस्तक

बडनेरा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मी आधी गाडी पाहिलीच नाही. सर्व्हिसचं पुस्तक मागितलं.

"सर, गाडी घ्यायले आले का अभ्यास करायले?" दुकानदार हसला.

मला उंच सीटची, मागे व्हीलचेअर मावेल अशी मोठी गाडी हवी होती. नवी परवडणारी नव्हती. सासूबाई आमच्याकडे अकोटला राहतात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागतं. ते काम माझी बायको करायची. मागच्या उन्हाळ्यात तिच्याच छातीत कळ आली. तिला घेऊन मी अकोल्याला निघालो आणि आमची जुनी गाडी गांधीग्रामच्या पुलाअलीकडे तापून बंद पडली. दुसरी गाडी थांबेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. "थोडं आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले.

ती बंद पडलेली गाडीही अशाच एका दुकानातून घेतली होती. "घरचीच समजा," असं तो दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. बायकोनं मात्र पुढच्या कप्प्यातलं पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं होतं. "एवढं वाचता, हेबी वाचा ना एकदा." मी ते परत कप्प्यात ठेवलं. त्यात वाचण्यासारखं काय असणार!

तिची तेरवी झाल्यावर मी ते उघडलं. चार वर्षांच्या नोंदी, एकच पेन, एकच हात. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ शेवटच्या दिवशी उरकलेली वही मला दुरून कळते. पहिल्या पानावर अक्षर गोल असतं, मग हात दुखायला लागतो आणि ते तिरपं होत जातं. इथंही तसंच होतं. कागदावर वर्षं जात होती आणि लिहिणाऱ्याचा हात दुखत होता. अशा वहीसाठी मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे.

बडनेरा रोडवरच्या पुस्तकातही शेवटची पानं तिरपी होती.

"हे कोणी भरलं?"

"वर्कशॉपवाले भरतात, सर. डॉक्टरच्या हातची गाडी हाय, एकदम मक्खन. काहून एवढा विचार करून राहिले?"

"चार वर्षं एकच माणूस? त्याची रिफिलसुद्धा संपली नाही?"

त्याचं हसू गेलं. मग तो खांदे उडवून म्हणाला, "सगळेच भरतात, सर. गिऱ्हाईक कुठं वाचते?"

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याचं म्हणणं खरं होतं. मी वाचलं नव्हतं.

"आता वाचतो," एवढंच म्हणालो आणि पुस्तक त्याच्या टेबलावर आपटलं.

पुढचे दोन महिने मी गाड्या वाचत फिरलो. सासूबाई वैतागल्या. "जवाईबुवा, गाडी पाहून राहिले का सोयरीक?"

शेवटी अकोल्यात एका पेन्शनर गृहस्थांकडे मिळाली. दारावर ओरखडे, सीट फाटलेली. पुस्तकात पाच जणांची अक्षरं, एका पानावर ग्रीसचा अंगठा. एक नोंद अशी: "रेडिएटर गळतो. मालकाला सांगितले. नको म्हणाले." पुढच्या पानावर, दुसऱ्या अक्षरात: "रेडिएटर नवा टाकला." मी ते दोनदा वाचलं. ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी उचलून खालून तपासून घेतली, आणि मग घेतली.

पहिल्याच खेपेला गांधीग्रामचा पूल जवळ आला तसा सासूबाईंनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"बंद तं नाई पडत ना, जवाईबुवा?"

मी तापमानाचा काटा पाहत होतो. भर दुपारचं ऊन, एसी चालू, काटा मधोमध. पूल मागे गेला तरी तो तिथंच होता. मला हायसं वाटायला हवं होतं. मला भयंकर संताप आला. तेव्हाही एवढंच तर लागत होतं.