झुलीवरचा चपलांचा जोड

आधीच सांगून ठेवते, माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचे काम पडले ते मनिऑर्डरचे फॉर्म भरण्यापुरते. हे कोणी वाचावे म्हणून लिहीत नाही, तरी चुकून कोणाच्या हाती पडले तर चुका पोटात घालाव्यात. दिग्रसच्या बाजारात मी रंगवलेल्या पाट्या अजून असतील. त्या पाहून कोणाला वाटेल, या बाईचे अक्षर तर किती वळणदार. ते अक्षर माझे नाही. ते माझ्या यजमानांचे आहे.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास त्यांनी बाजारात एक खोली भाड्याने घेऊन दुकान घातले. लोक त्यांना पेंटर म्हणत, पण त्यांनी स्वतःच्या पाटीवर लिहिले होते, ‘जाहिरात व कलाकाम’. कोणी विचारले की सांगत, “पाटी कोणीबी रंगवते. मी गिऱ्हाईक आणून देतो.”

आणि खरोखर आणत. एका साबणवाल्यासाठी त्यांनी एक मळके धोतर अर्धेच धुऊन बाजाराच्या दिवशी दोन बांबूंमध्ये टांगले होते. शेजारी एक अक्षर लिहिले नाही, नुसती साबणाची वडी दोरीने लोंबत ठेवली. लोक वळून वळून पाहत होते. दुपारपर्यंत साबणवाल्याचे खोके रिकामे झाले. त्यांनी ते अर्धे मळके धोतर घडी करून घरी आणले आणि मला म्हणाले, “आता राह्यलेलं अर्धं तू धू.” आम्ही दोघेही हसलो. मला दुकानात चारचौघांत बसायची लाज वाटे, म्हणून त्यांनी खोलीत मध्ये गोणपाटाचा पडदा लावून दिला होता. पुढे ते गिऱ्हाइकाशी बोलत, मागे मी काम करी.

माझे काम खाक्याचे. जाड कागदावर ते पेन्सिलीने अक्षर काढून देत. मी त्याच्या कडेकडेने सुईने भोके पाडी. तो कागद पाटीवर धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटली, की पाटीवर ठिपके उमटतात. मग ठिपक्यांवरून रेघ ओढून आत रंग भरायचा. त्या भोकांच्या कागदाला खाका म्हणतात. एक खाका पुष्कळ वेळा चालतो. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत लहान-मोठ्या आकारांचे खाके मी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते.

राज्य पुन्हा बदलले, महाराष्ट्र झाला, तेव्हा पाट्या बदलायचे काम इतके आले की जेवायला फुरसत नव्हती. त्याच दिवसांत उमरखेडचे एक जोड्या-चपलांचे व्यापारी दिग्रसला नवीन दुकान घालत होते. शेठ भला माणूस होता. ते म्हणाले, “पेंटरसाहेब, असं काही करा, का पंचक्रोशीत एकच बोलणं झालं पाहिजे.”

पोळा तोंडावर आला होता. यजमानांच्या डोक्यात आले, की गावच्या बैलांना नव्या झुली द्यायच्या, फुकट. लाल रंगवलेला मांजरपाट, त्यावर दुकानाचे नाव आणि मध्ये चपलांचा जोड. सारे गाव पोळ्यात बैल बघते, म्हणजे सारे गाव जाहिरात बघेल. शेठ इतके खूश झाले की त्यांनी दोनशे रुपये आगाऊ दिले. कापड, रंग, शिलाई, सगळे त्यातच.

झुली मीच शिवल्या आणि चपलांचा खाकाही मीच पाडला. पाडता पाडता मी म्हटले, “अहो, पूजेचा बैल हाये तो.”

ते हसले. “बैलाच्या पायाले नाल असते का नाही? मंग जोड्याची जाहिरात बैलावर नाही करायची त कोणावर, मांजरीवर?”

मी पुन्हा म्हटले, नुसते नाव लिहा, चपला नको. ते म्हणाले, “वाचता किती जणाले येते? चित्र पाह्यजेच.” तेही खरेच होते.

पोळ्याच्या सकाळी शेतकरी आनंदाने झुली घेऊन गेले. कोरे कापड कोणाला नको असते? दुपारी तोरणाखाली बैल रांगेने उभे राहिले. शिंगे रंगवलेली, अंगावर त्या लाल झुली. मी बायकांच्या मागे एका ओट्याला टेकून उभी होते. लांबून माझ्या हातचा रंग ओळखू येत होता आणि मला, खरे सांगते, फार बरे वाटत होते.

गावचे पाटील आरतीचे ताट घेऊन मानाच्या बैलाजवळ आले. त्यांनी कुंकू लावले. ताट ओवाळायला उचलले आणि ते बरोबर चपलांच्या समोर आले. पाटलांचा हात थांबला. ते मागे सरकले, पुढच्या बैलाकडे गेले. तिथेही चपला. वाजंत्री वाजत होती, ती हळूहळू बंद पडली.

ओरडले कोणीच नाही. ओरडले असते तर बरे झाले असते. आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे. एका बाजूचा माणूस यमक जुळवून दुसऱ्याची टर उडवतो आणि मग सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. पलीकडच्या रांगेतून एक जण पुढे आला आणि त्याने हात वर करून म्हटले,

“पेंटर आमचा लय हुशार,
बैलाच्या पाठी मांडला बाजार,
पूजेच्या ताटात जोड्याचा जोड,
पेंटरभाऊ, आतातरी कुंचला सोड.”

गजर झाला आणि सारे मैदान हसले. पाटीलही हसले. शेतकऱ्यांनी हसत हसतच झुली ओढून काढल्या आणि तिथेच चिखलात टाकल्या. यजमान तोरणाच्या खांबाजवळ उभे होते. त्यांनीही हसायचा प्रयत्न केला. तो चेहरा मला अजून दिसतो.

माणसे मारतात ते विसरता येते, पण झडती तोंडोतोंडी फिरते. पोरे शाळेत जाता-येता दुकानासमोर ती म्हणत. भाजीवाली त्यांना भाजी देताना पदराआड हसे. शेठच्या दुकानात तर कोणी पाऊलच टाकेना. ज्याच्या चपला बैलाच्या पाठीवर चढल्या त्याच्याकडे कोण जाणार? सहा महिन्यांत शेठ दुकान बंद करून परत उमरखेडला निघाले. जाताना आमच्याकडे आले. यजमानांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “शेठ, तुमचे दोनशे मी देतो. ते फिटल्याशिवाय कुंचल्याले हात लावणार नाही.”

“अरे, मी मागून राह्यलो का?” शेठ म्हणाले. “तू कुंचलाच सोडशील त पैसे देशील कुठून?”

“हमाली करीन.”

आणि त्यांनी तेच केले. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला लागले. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर, केसांवर कापसाचे बारीक तंतू असत. मजुरीतले थोडे पैसे दर महिन्याला शेठला जात. उरलेल्यात घर चालत नव्हते, म्हणून मी दुकान उघडे ठेवले. पडदा काढला नाही. गिऱ्हाईक बाहेरूनच सांगे, मी आतून हूं म्हणे. पेटीतले खाके काढून पाट्या करू लागले. माझाही पैसा शेठच्या मनिऑर्डरीत घालू लागले, म्हणजे लवकर फिटतील आणि ते लवकर कुंचला उचलतील. मला दुसरे काही नको होते.

कधीकधी ते कामावरून येऊन माझ्या अर्ध्या झालेल्या पाटीसमोर उभे राहत. मी अक्षरे फार खेटून बसवत असे. ते म्हणत, “त्या दोघांत जागा सोड. दम घेऊ दे त्याइले.” मी ओला कुंचला त्यांच्यापुढे धरी. ते दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. एकदा मी म्हटले, “एवढी एक मात्रा तर काढा, कोण पाहून राह्यलं?” ते म्हणाले, “तू पाहून राह्यली ना.”

खाके झिजत होते. कोळसा आपटून आपटून भोके मोठी होत, दोन भोकांची एक चीर होई. मग मी नवा कागद खाली ठेवून जुन्यावरून नवीन पाडून घेई. पण ते अक्षर तसेच येत नसे. कुठे पोट जरा सुटे, कुठे वेलांटी आखडे. मी म्हणे, नवे काढून द्या. ते म्हणत, “शेठचे पैसे आता थोडेच राह्यले आहेत. फिटले का सगळे नवे काढतो.”

त्यांना खोकला लागला तो तंतूंचाच असावा. यवतमाळच्या दवाखान्यात नेले, औषध आणले. पौषात ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांचा उजवा हात पांघरुणावर हलत असे, अंगठा आणि दोन बोटे जुळवून. मी उठून कुंचला आणून त्या बोटांत दिला. त्यांनी तो ओळखला आणि बाजूला ठेवला.

थोडे पैसे राहिले होते. ते मी पाट्या करून जमवले. शेवटचे मनिऑर्डरने पाठवावेसे वाटले नाही. मी एकटी कधी बसमध्ये बसले नव्हते. पदर कपाळापर्यंत ओढून उमरखेडच्या गाडीत बसले आणि विचारत विचारत शेठच्या दुकानात गेले. नाव सांगितले तेव्हा त्यांनी मला बसायला सतरंजी दिली आणि नोटा हातात घेतल्या.

“झाले की हो सगळे,” ते हसून म्हणाले. “जिद्दी माणूस. आता त्याले म्हणा, कुंचला काढ आणि पहिले माझ्या दुकानाची पाटी...”

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पदर सरला असेल. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि पुढचे बोलणे राहून गेले. मग त्यांनी विचारले, “कधी?”

“पौषात.”

त्यांनी नोटा माझ्यापुढे सरकवल्या. “हे राहू द्या, बाई. तुम्हाले लेक समजून देतो.”

मी मान हलवली आणि नोटा पुन्हा त्यांच्याकडे सरकवल्या. “घ्या. त्याइनं सांगितलं होतं.”

शेठने नोटा उचलून गल्ल्यात टाकल्या. त्यांचे पैसे पूर्ण फिटले.