म्हणे ढग आम्हाला कळतात!

शिडाच्या होडीतून अंदमान बघायचं हे खूळ माझंच. वाटूरच्या शाळेत मी भूगोल शिकवते. बेट म्हणजे काय, हे फळ्यावर काढून काढून कंटाळले होते. मेच्या सुट्टीत जायचं ठरलं, नवराही तयार झाला. थोरल्या दिरांच्या कानावर गेलं तशी तेही म्हणाले, "मंग मी बी येतो." वडीगोद्रीला हायवेवर त्यांचं पाइपांचं दुकान आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि घरात त्यांच्यापुढं कुणी ब्र काढत नाही. आधीच सांगून टाकते, आमच्या या सहलीपायी एका भल्या माणसाचं काम गेलं. माझं डोकं अजून थाऱ्यावर नाही.

जाणाऱ्यांनी जालन्याहून रात्रीची हैदराबादची गाडी धरावी आणि तिथून विमान. आम्हाला विमानाचे जाऊन-येऊन माणशी अठरा हजार पडले, होडीचे दोन दिवस नि एक रात्र चौदा हजार. होडीवर दोन्ही वेळा मासे-भात मिळतो. मासे चालत नसतील तर दशम्या बांधून न्या. उलटीच्या गोळ्या विसरू नका. भाऊजींनी "आपल्याला काय होतंय" म्हणत घेतल्या नाहीत.

होडी चालवणारा एतवा पन्नाशीचा, शिडशिडीत, मोजकं बोलणारा. आजोबा रांचीकडून आले, तेव्हापासून घराणं अंदमानातच. पहिल्या दिवशी दुपारी त्यानं एका निर्मनुष्य बेटापाशी नांगर टाकला. पश्चिमेला काळं भरून आलं होतं. तो म्हणाला, "तीन बजे तक नीचे आना है. फिर नाव पीछे की खाड़ी में ले जाऊंगा. रात को तूफान आएगा."

टेकडी तासाभराची, पण झाडांच्या मुळांवरून पाय घसरतो. चपला घालून जाऊ नका, चांगले बूट लागतात. आमच्यापुढं एतवा अनवाणी चालत होता. शिखर हाकेच्या अंतरावर आलं आणि तो थांबला. "टाइम हो गया. अब लौटो."

भाऊजी हसलेच. "आरं, असे ढग मे महिन्यात आमच्याकडं रोज येतात! वारा सुटतो, पत्रे वाजतात, अन् थेंब पडत न्हाई. चाळीस वर्षं बघून राह्यलो मी. बिलकुल काही होत न्हाई."

आमच्याकडं खरंच तसंच होतं. पण हा समुद्र आहे, जालना नव्हे, हे भूगोलाच्या बाईनं सांगायला नको? एतवानं माझ्याकडं बघितलं. मला वरून फोटो हवा होता. मी म्हणाले, "भैया, बस दस मिनट." वर गेल्यावर भाऊजींनी दशम्या-ठेच्याची पुरचुंडी सोडली. दहाची पन्नास मिनिटं झाली. एतवा तेवढा वेळ उभाच होता.

खाली उतरलो तोवर वारा सुटलेला. बेटाला वळसा घालून खाडी गाठायला आता वेळ नव्हता. उघड्यावरच थांबावं लागलं. अंधार पडला आणि पाऊस असा कोसळला की समोरचं माणूस दिसेना. होडी एका अंगावर कलायची, भांडी घरंगळायची. नांगर सरकायला लागला तसा एतवा दुसरा नांगर घेऊन पुढच्या टोकाला गेला. एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली. संपला, असं वाटून मी किंचाळले. तो दोरी धरून तिथंच होता. भाऊजींची बोबडी वळलेली. माझ्या नवऱ्याला मिठी मारून ते रात्रभर ओकत होते.

पहाटे वारा पडला. एतवाच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती. हाताला फडकं गुंडाळून त्यानं आधी आम्हाला चहा दिला. केवढी ही माणुसकी! भाऊजींच्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही.

धक्क्यावर होडीवाल्यांच्या मॅनेजरनं विचारलं, "नाव खुल्यात का लावली?" एतवा समोर उभा असूनही त्याच्या उत्तराची वाट न बघता मॅनेजरनं अभिप्रायाचा कागद आमच्यापुढं सरकवला. भाऊजींनी लिहिलं, "नाविकास हवामान समजत नाही. जीव धोक्यात घातला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन महिना झाला. दुकानात येईल त्याला भाऊजी ऐकवतात, "त्याला ढगच कळत न्हाई, मी होतो म्हणून निभावलं." परवा दुकानात गेले तेव्हा माझा संयम सुटला. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "भाऊजी, तो खाली चला म्हणत होता. वर आपण नेलं त्याला." ते म्हणाले, "तुला काय कळतं गं?" आणि पाइप मोजायला लागले.

तिथूनच मी मॅनेजरला फोन लावला. एतवाला होडीवरून काढल्याचं त्यानंच सांगितलं. मी भांडले. चूक आमची होती, त्याला परत घ्या, म्हणून ओरडले.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कागज मेरे सामने है. नीचे आपका भी साइन है."

होय, आहे. भाऊजींनी पेन पुढं केलं आणि मी सही केली. वाचून केली.