समोरच्या ताटाची ओढ

बारावीच्या वर्गावर कपॅसिटर शिकवायला साळवे सर येत, तेव्हा त्यांच्या काखेत जेवणाची दोन स्टीलची ताटं असत. प्रयोगशाळेत चांगल्या गुळगुळीत धातूच्या प्लेटा होत्या, पण सरांना घरचीच ताटं लागायची. ती समोरासमोर उभी धरून ते विचारत, "ह्याच्यावर प्लस, त्याच्यावर मायनस. मधात काय?" उत्तरही तेच देत, "मधात फील्ड. अन् कसं? सगळीकडं सारखं. ह्या ताटाला चिकटून बसा नायतर बरोबर मधोमध बसा, कमी-जास्त नाय." कुणी कडांचं काय म्हणून विचारलं की स्वारी खूश. "कडेला रेषा बाहेर फुगतात. पुस्तक म्हणतं, सोडून द्या. सोडा, पण सोडलं म्हणून लिहा. गुपचूप सोडायचं नाय."

सर मूळचे वैजापूरकडचे. निम्मा जन्म शहरात गेला तरी बोलणं गावाकडचंच राहिलं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. एका गोष्टीवर मात्र त्यांचा फार जीव. एक ताट दुसऱ्याला किती जोरानं ओढतं, हे काढताना पोरं दोन्ही ताटांचं मिळून जे फील्ड होतं तेच सगळं धरत, आणि उत्तर दुप्पट येई. सर कपाळाला हात लावत. "सोताच्या खांद्यावर सोताला बसता येतं का? मग ताट सोताला कसं ओढील? ओढतं ते समोरचं. म्हणून फील्ड निम्मंच धरायचं!"

मी लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं कॉलेजला यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, धान्याच्या मोंढ्यात आडतीवर कामाला. पोरीनं शहरात जाऊन सायन्स शिकावं हे त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. "एका विषयात जरी गचकली, तर घरी बसायचं," असं सांगूनच त्यांनी पाठवलं होतं. सहामाहीत फिजिक्समध्ये मी काठावर गचकले. ताटांच्या ओढीच्याच गणितावर सरांनी लाल रेघ मारली होती. मी निम्मंच धरलं होतं. पण सरांची रेघ म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं समजून मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद.

वर्गात पुढं काय झालं ते मला मैत्रिणीनं सांगितलं. सर फळ्यावर तोच पेपर सोडवून दाखवत होते. त्या गणितापाशी आले, निम्मं लिहिलं आणि खडू तसाच धरून थांबले. पेपर तपासायला जी उत्तरं त्यांनी घाईत काढून ठेवली होती, त्यांत ते स्वतःच निम्मं करायला विसरले होते. त्यांनी वर्गात विचारलं, "लासूरवाली कुठंय?" माझं कॉलेज बंद झाल्याचं मैत्रिणीनंच त्यांना सांगितलं.

त्याच संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर हजर. आईनं पाणी दिलं, तर म्हणाले, "पाणी नंतर, आधी दोन ताटं द्या." मी दाराआड उभी. अण्णांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अण्णांना त्यातलं कितपत कळलं देव जाणे.

"एवढ्यासाठी कामून आले, सर? मार्क तिथंच वाढवायचे," अण्णा म्हणाले.

"वाढवले नाय, भाऊ. तिचेच होते, माझ्याकडं राह्यले होते. तिथल्या तिथं दिले असते तर तुम्ही म्हणले असते, मास्तरला दया आली." मग त्यांनी विचारलं, "पोरगी गचकली म्हणून कुणाकुणाला सांगितलं?"

"थोरल्या भावाला. शेजारी."

"बोलवा त्यांना."

चुलते आले, शेजारचे दोघे आले. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर होती. चूक माझी." एवढंच. मग बसून चहा प्याले आणि रात्रीच्या गाडीच्या आत स्टेशन गाठायचं म्हणून निघाले. सकाळी अण्णा आईला फक्त म्हणाले, "हिचा डबा भर."

मी शिकले. आज वाळूजच्या एका कारखान्यात कपॅसिटरच तपासते. पुढंही सरांकडं जाऊन त्यांच्या शिव्या खायचं सुख मी बरीच वर्षं भोगलं.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. अण्णा आता थकलेत, गुडघे धरतात, तरी "मला यायचंय" म्हणून हट्टानं माझ्याबरोबर क्रांती चौकामागच्या सरांच्या घरी आले. मग सरांच्या बायकोला म्हणाले, "ताई, सर माझ्या ओट्यावर उभं राहून चुकलो म्हणले. चुकलो तर मीबी होतो. तुझं काय म्हणणं हाय, असं पोरीला मी एकदाबी इचारलं नव्हतं. पण चार माणसांत माझ्या तोंडातून ते निघालं नाय."

भेटायला आलेले सगळे ऐकत होते. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. तोवर आवरून धरलेलं रडू मला तिथं आलं, सरांसाठी आणि अण्णांसाठीही.