दाढेचा दावा

लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा अख्खी सुपारी दातांनी फोडायची. चाळीतल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. पुढे विशीत शिरता शिरता डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "लवंग धर, उतरेल." पण हे कोटात, म्हणजे फोर्टात, एका पेढीवर कारकून होते, आणि तिथल्या एका गोऱ्या दंतवैद्याची त्यांनी बरीच कीर्ती ऐकली होती.

"सोसायचं कशाला उगीच? खुर्चीत बसलीस की काम झालं," असं म्हणून ते मला ट्रामने घेऊन गेले. नवऱ्याशेजारी बाकावर बसून जायची माझी ती पहिलीच वेळ. दाढेपेक्षा त्याचंच अप्रूप मला जास्त होतं.

साहेबाने पायाने चालणाऱ्या यंत्राने दाढ कोरली, मग म्हणाला, काढावीच लागेल. काढताना ती तुटली. आत राहिलेलं मूळ तो बराच वेळ हत्याराने उकरत होता. मधेच कानापासून हनुवटीपर्यंत कुणी तापलेली सळई ओढावी तसं झालं आणि मी किंचाळले. माझा हात यांच्या हातात होता. साहेब आपला "झालं, झालं" म्हणत राहिला.

जखम भरून आली, पण ती सळई गेली नाही. वारा लागला, पदर घासला, घास चावला, की यायची आणि क्षणात जायची. मधले काही दिवस अगदी बरे जायचे. गालावर ना सूज, ना डाग. मी भाकरी सोडून पेजेवर आले. सुरुवातीला हे रस्त्याने चालताना वाऱ्याच्या अंगाला राहायचे. हे परत साहेबाकडे गेले, तर त्याने दारातूनच सांगितलं, "माझं काम चोख आहे. बाईचं मन सांभाळा."

हे घरी आले ते संतापूनच. "मी नेलं तुला तिथे. त्याला कोर्टात उभा करतो."

मी म्हटलं, "कोर्टात जाऊन दुखायचं थांबणार आहे का?"

"निदान खरं काय ते लोकांना कळेल," ते म्हणाले.

साक्षीला मला उभं राहावं लागलं. इतक्या पुरुषांसमोर मी त्याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं. काय होतं, असं आमच्या वकिलाने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. सळईचं सांगितलं, आंघोळीचं पाणी गालावर घेता येत नाही ते सांगितलं, हसू आलं तर भीती वाटते तेही सांगितलं. दुभाष्याने ते एवढ्याशा इंग्रजीत उरकलं. यांना इंग्रजी येत होतं. यांनी मान खाली घातली.

मग साहेबाचा बॅरिस्टर उठला. आमच्याच चाळीतल्या एका गृहस्थाला त्याने साक्षीला आणलं होतं. त्या माणसाने सांगितलं, "श्रावणात मंगळागौरीला या बाई आमच्याकडे आल्या होत्या. फुगडी घातली, गाणी म्हटली."

"खरं आहे का हे?" बॅरिस्टरने मला विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी दुखत नव्हतं."

कोर्टात हशा पिकला. पाठोपाठ एका डॉक्टरने सांगितलं, की दाढ काढण्याशी याचा संबंध नाही, तरुण बायकांच्या मनात अशा वेदना उपजतात. दावा फेटाळला गेला.

आम्ही पायीच घरी निघालो. ठाकुरद्वाराशी आलो. तिथे हे थांबले आणि हळूच म्हणाले, "आता कोर्ट नाही, कोणी नाही. मला एकदा खरं सांग. एवढं दुखतं का गं?"

मी "हो" म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. लहान मूल स्वप्नातलं काही सांगतं तेव्हा आपण म्हणतो ना, तसं.

ते मला कधी टाकून बोलले नाहीत, त्यांनी कधी हात उगारला नाही. फक्त त्यानंतर त्यांनी विचारलंच नाही. सळई आली की मी भिंतीकडे तोंड करायला शिकले, आणि ते पेपर वाचायचे.

मुंबईत प्लेग आला तेव्हा चाळ रिकामी व्हायला लागली. यांनी मला आणि सासूबाईंना आगबोटीने कोकणात पाठवलं. पेढी सोडून त्यांना येता येईना. बोट सुटली तेव्हा धक्क्यावरून ओरडून म्हणाले, "पदर घे तोंडावर! वारा आहे!" माझ्या गालासाठी म्हणाले, की बोटीतल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं म्हणाले, ते मला विचारायचं होतं. महिन्याभरात ते गेल्याची तार आली. गाठ आली, आणि इस्पितळात नेलं तोवर सगळं संपलं होतं म्हणे.

सुतक फिटायच्या आत गावच्या थोरल्यांनी न्हाव्याला बोलावलं. आमच्यात तेव्हा विधवेचे केस ठेवत नसत. मी परसात पाटावर बसले. यांच्याशिवाय कशाचंच काही वाटत नव्हतं मला. न्हाव्याने डोकं धरायला हात पुढे केला, त्याची बोटं गालाला लागली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

सासूबाई ओटीवरून उठून आल्या. स्वतः सोवळ्या, केस उतरवलेल्या, आयुष्यभर रीत सांभाळलेल्या. माझ्या दाढेबद्दल त्या लवंगेनंतर कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. रोज माझा भात मात्र न सांगता मऊ करून ठेवायच्या. मला वाटायचं, सवय असेल.

"हात काढ," त्या न्हाव्याला म्हणाल्या. "तिच्या तोंडाला हात लावायचा नाही."

थोरल्यांतला एक म्हणाला, "काकू, असं कसं चालेल? लोक काय म्हणतील?"

"तिला सोसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं बघितलंय."

मग मी रडले. तार आल्यापासून पहिल्यांदा रडले. सासूबाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, मला जवळ घेतलं नाही, फक्त माझे पाय धरून बसून राहिल्या. मला एकच वाटत होतं, की हे वाक्य यांनी ऐकायला हवं होतं.

न्हावी धोकटी उचलून गेला. माझे केस ठेवले म्हणून पुढे गावातल्या बायकांनी आमच्याकडे येणं सोडलं, आणि आम्ही दोघी त्या घरात एकमेकींच्या सोबतीने राहिलो.