दादा, हिला घ्या जरा

आमच्या घरात कोण कुणाला काय म्हणतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला बसलं की सांगणाराच गोंधळतो. तरी सांगते, नाहीतर माळावर काय झालं ते कळायचं नाही. वडिलांना आम्ही मुलं अण्णा म्हणायचो. आत्या त्यांची धाकटी बहीण, ती त्यांना दादा म्हणायची. आमचा दादा वेगळा, तो माझा थोरला भाऊ. आईला आत्या वहिनी म्हणायची, म्हणून आम्हीही वहिनीच म्हणायचो. आणि आई म्हणजे आजी, कारण अण्णा तिला आई म्हणत. आमच्या वाशी गावात बऱ्याच घरांत असंच होतं, त्यामुळं यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची ही गोष्ट. अण्णा शाळेत मास्तर. नव्या राज्याचे कुणी साहेब शाळा तपासायला आले आणि सहलीचं महत्त्व सांगून गेले. ते अण्णांच्या डोक्यात बसलं. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, आपण सगळे पायी माळावर जायचं. कशाला, असं आजीनं विचारलं. पाहायला, अण्णा म्हणाले. माळावर काय पाहायचं हे तिलाच काय, आम्हा कुणालाच समजेना. तिनं यायला साफ नकार दिला आणि दशम्या बांधून दिल्या.

तर आम्ही निघालो. पुढं अण्णा छत्री घेऊन, त्यांच्यामागं दादा, मग आत्या, शेवटी वहिनी आणि मी. धाकटी बहीण दीड वर्षाची होती, नुकती पळायला लागलेली आणि पळण्याशिवाय दुसरं काही सुचत नसलेली. ती आळीपाळीनं सगळ्यांच्या कडेवर. गाव मागं पडलं आणि नुसता माळ सुरू झाला. काळे दगड, वाळलेलं कुसळी गवत, कुठंतरी तरवडाचं झुडूप. झाड म्हणावं असं काहीच नाही. कुसळं परकराला टोचून टोचून मला रडू यायला लागलं होतं, आणि अण्णा पुढून ओरडत होते, "बघा, किती मोकळं आहे!" मोकळं होतं हे खरंच. त्यात बघायचं काय, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

वाटेत एक मेंढपाळ भेटला. त्यानं आमची ही वरात पाहिली आणि थांबला.

"काय गुरुजी, जनावर हरवलं का काय?"

"नाही, सहलीला आलोय."

"आस्सं. कुन्या देवाला?"

"देवाला नाही हो. अशीच. सहल."

"काय हरवलं न्हाय ना पर?" त्यानं परत विचारलं. नाही म्हटल्यावर तो मेंढरांकडं वळला, पण आम्ही दिसेनासे होईपर्यंत त्याची मान आमच्याकडंच होती.

पुढं एक कोरडा ओढा लागला. तिथं आमची रांग विस्कटली. वहिनीची चप्पल तुटली, ती बांधायला आम्ही दोघी मागं थांबलो. ओढा चढून वर गेलो तर आत्या एका दगडावर टेकून पायातला काटा काढत होती. धाकटी तिच्यापाशी नव्हती.

"पोरगी कुठं?" वहिनीनं विचारलं.

"दादाकडं दिलीय," आत्या म्हणाली. वहिनीला बरं वाटलं, मलाही. आम्ही तिघी गप्पा मारत चालत राहिलो. लांबवर सगळ्या माळात एकुलतं एक लिंबाचं झाड होतं, तिथं अण्णा आणि दादा सावलीला बसलेले दिसत होते. जवळ पोचलो. दोघांच्याही मांड्या रिकाम्या.

"धाकटी?" वहिनी म्हणाली.

"आक्काकडं आहे ना?" अण्णा म्हणाले. आक्का म्हणजे आत्या, धाकटी असली तरी अण्णा तिला आक्काच म्हणत.

"मी दादाकडं दिली!" आत्या म्हणाली.

"माझ्याकडं कधी?" दादा उभाच राहिला.

"तुझ्याकडं नाही रे, माझ्या दादाकडं! काटा मोडला म्हणून हिला खाली ठेवली आणि हाक मारली, दादा, हिला घ्या जरा. मान वर केली तर ही नाही. म्हटलं घेतली."

"मी ऐकलं," अण्णा म्हणाले, "पण मला वाटलं त्याला म्हणतेस."

"मला वाटलं अण्णांना," दादा म्हणाला.

"अहो, मी 'घ्या' म्हणाले! ह्या पोराला 'घ्या' म्हणीन का मी?"

"वाऱ्यात 'घे' ऐकू आलं," अण्णा म्हणाले. आणि माझ्या विद्वान घरातली ही मंडळी त्या रणरणत्या माळावर 'घ्या' की 'घे' यावर हमरीतुमरीवर आली. मला इतका संताप आला की मी रडायचंच विसरले. वहिनी तोवर ओढ्याकडं पळत सुटली होती, अनवाणी, चप्पल तिथंच टाकून.

सगळं दिसत होतं त्या माळावर, क्षितिजापर्यंत, आणि त्यात धाकटी तेवढी नव्हती. आम्ही चौफेर पांगलो. प्रत्येकजण तिला आपापल्या लाडक्या नावानं हाका मारत होता. हे एकाच पोरीला शोधताहेत असं कुणाला वाटलं नसतं. मेंढपाळही धावत आला. "म्या दोनदा इचारलं, तवा न्हाय म्हनलात," असं पुटपुटत तोही शोधू लागला. मला भीती वाटत होती ती लांडग्यांची. हे मी कुणाला बोलले नाही.

आणि मग वाऱ्यावर बारीक आवाज आला, "आई! आई गं!"

सगळ्यांच्या पुढं वहिनी होती. ती जागच्या जागी थांबली. वळून आमच्याकडं पाहिलं. चेहरा अगदी भांबावलेला.

"आईंना बोलावतेय," ती म्हणाली. "आई तर घरी आहेत."

आत्या ओरडली, "वहिनी, जा ना! तुम्हालाच!"

"मला?" असं म्हणून वहिनी पळाली.

धाकटी तरवडाच्या झुडपामागं बसली होती. तोंडात पिवळी फुलं, गालांवर माती आणि पाण्याचे ओघळ. वहिनीनं तिला उचललं आणि परतीच्या सगळ्या वाटेत कुणाकडं दिलं नाही. दोन्ही दादांनी हात पुढं केले, तिनं बघितलंही नाही. मधूनच ती धाकटीच्या कानाशी काहीतरी म्हणायची आणि वाट बघायची. धाकटी अंगठा चोखत होती.

घरी पोचलो. आजी ओसरीवरच होती. तिला पाहताच धाकटी वहिनीच्या खांद्यावरून पुढं झेपावली. "आई!" म्हणाली, अगदी त्याच आवाजात. वहिनीनं तिला आजीच्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि आत गेली.

मला काहीतरी करावंसं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मी तिच्यामागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती चुलीपुढं पाठमोरी बसली होती. मी हळूच हाक मारली, "आई."

वळून न बघता ती म्हणाली, "आई ओसरीवर आहेत."