मामाच्या नावाचा खांब

माझ्या नणंदेची मुलगी तोंडाने अखंड सुरू असते, म्हणून घरात सगळे तिला टकळी म्हणतात. नणंदेकडून आमच्याकडे काही चांगलं येणं तसं दुर्मीळच, पण ही पोर आली. ती युनिव्हर्सिटीत बिझनेस इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी शिकते. ते नेमकं काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, "मामी, दुकानवाल्याला कॉम्प्युटर कळत नाही आणि कॉम्प्युटरवाल्याला दुकान कळत नाही. मी दोघांच्या मध्ये उभं राहायला शिकतेय." मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडून रट्टे बसतात, हे तिच्या पुस्तकात नव्हतं वाटतं.

तिसरं वर्ष वर्गात नाही, कंपनीत काढायचं, असा तिच्या अभ्यासक्रमाचा नियम. कंपनीतलं काम आणि शेवटचं प्रेझेंटेशन पसंत पडलं तरच चौथ्या वर्षाला प्रवेश. माझ्या नवऱ्याने आपल्या साहेबांकडे शब्द टाकला आणि टकळी ह्यांच्याच कंपनीत लागली. राहायला आमच्याकडे. कंपनी घाऊक मालाची, नळ, पाइप, बेसिन असलं सगळं. ऑर्डर विभागात माणसं तीन: हे, खिडकीजवळ बसणाऱ्या ताई आणि नुकताच बाप झालेला एक मुलगा, ज्याला सगळे बाळाचे बाबा म्हणून चिडवायचे. दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि कॉम्प्युटरमध्ये भरायच्या, हे त्यांचं काम.

फोनवर माझा नवरा राजा. चिडलेला दुकानदारसुद्धा दोन मिनिटांत ह्यांच्याशी मुलीच्या लग्नाबद्दल बोलायला लागायचा. पण नवीन सॉफ्टवेअर आलं आणि राजाचं राज्य गेलं. कोंबडीने दाणे टिपावेत तसं हे दोन बोटांनी टाइप करतात. संध्याकाळी पाठ धरून घरी यायचे. मी जुन्या पडद्याच्या कापडाची एक निळी उशी शिवून दिली, खुर्चीत पाठीला लावायला. आधी न्यायला लाजले, मग तिच्याशिवाय बसेनात.

टकळीला स्वतःचा पासवर्ड मिळायचा होता. कॉम्प्युटर विभागातला माणूस रोज "उद्या नक्की" म्हणायचा. शेवटी ह्यांनी आपला दिला. नियमात बसत नव्हतं, पण घरचीच पोर. हे फोनवर बोलायचे, ती शेजारी बसून भरायची. हळूहळू ह्यांचा सगळा ढीग तीच उपसायला लागली. तिची बोटं तिच्या तोंडाच्याच वेगाने चालतात. कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही, पासवर्ड दिसतो, त्यामुळे सगळं काम मामाच्या नावावर जमा होत गेलं.

घर कसं हसतं झालं होतं. एका दुकानदाराने पांढरं बेसिन मागवलं आणि "पण फार पांढरं नको" अशी सूचना केली, ही गोष्ट दोघांनी मला तीनदा तरी सांगितली असेल. ह्यांची पाठ दुखायची थांबली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

टकळीचा प्रोजेक्ट होता ऑर्डर विभागाच्या कामाची मोजणी. कोण किती ऑर्डरी भरतं ते कॉम्प्युटरमधून काढायचं आणि सुधारणा सुचवायच्या. तिने आलेख काढला. तीन माणसांचे तीन खांब. ताईंचा आणि बाळाच्या बाबांचा बेताचा, मामाचा पार छताला टेकलेला. तो कोणाच्या बोटांनी वाढलाय हे तिला ठाऊक होतं. पण साहेबांसमोर मामाची मान ताठ राहावी, एवढंच तिच्या मनात. कच्चा अहवाल पाहून साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे गाणं गुणगुणत घरी आले. मी गोड केलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिघांना आत बोलावलं. एक माणूस एवढं काम उरकतो, तर तीन कशाला हवेत? ताईंनी आणि बाळाच्या बाबांनी महिनाअखेरपर्यंतच यायचं. पुढे विभाग मामा एकटे सांभाळतील.

त्या दिवसापासून टकळीच्या तोंडाला कुलूप लागलं. स्वयंपाकघरात मी भांडी घासत होते आणि ती एकच ताट पुसत उभी होती.

"काय बिनसलंय?" मी विचारलं.

"मामी, तो खांब माझा आहे."

मग तिने सगळं सांगितलं. हे दारातून ऐकत होते.

"कुठे बोलायचं नाही," हे म्हणाले. "पासवर्ड दिला म्हणून मला काढतील आणि हिचं वर्ष जाईल. त्यात भलं कोणाचं होणार?"

"ताईंचं," टकळी म्हणाली. "बाळाचंसुद्धा."

"आणि ही युनिव्हर्सिटीत परत गेली की?" मी म्हणाले. "तिघांचं काम तुम्ही दोन बोटांनी करणार?"

"बघू."

हे "बघू" म्हणाले की ओळखायचं, गाडी रुतलेली आहे. मी भांडी आपटली. मला दोघांचा राग आला होता, आणि त्या "उद्या नक्की"वाल्याचा तर सगळ्यात जास्त. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ताई ह्यांच्यासाठी रोज डबा आणत होत्या, तेही मी बोलून दाखवलं. टकळी ताट खाली ठेवून खोलीत निघून गेली.

प्रेझेंटेशनचं मला नंतर ह्यांनीच सांगितलं. लांब टेबल, एका टोकाला साहेब, शेजारी युनिव्हर्सिटीतून आलेल्या बाई, आणि ऑर्डर विभागातले तिघं भिंतीशी खुर्च्यांवर. टकळीने पडद्यावर तोच आलेख लावला आणि म्हणाली, "ह्यात चूक आहे. मामांच्या खांबातलं बरंचसं काम मी केलंय. त्यांच्या पासवर्डने."

मग तिने दुसरा आलेख दाखवला. मामाचा खांब तोडून दोन रंगांत केला होता. वरचा केशरी तिचा. खालचा निळा मामाचा, आणि तो तिघांत सगळ्यात बुटका. खरं सांगायचं तर ते दाखवावंच लागणार होतं, दुसरा मार्ग नव्हता. हे आपल्या बुटांकडे बघत बसले. बाळाच्या बाबांनी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे काम एका माणसाचं नाही. तिघं लागतात," टकळी म्हणाली.

युनिव्हर्सिटीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्याच्या पासवर्डने केलेलं काम धरता येणार नाही, हे वर्ष पुन्हा करावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. साहेब मात्र चिडले नाहीत. ते त्या केशरी भागाकडेच बघत होते.

"हे सगळं तू एकटीने भरलंस? प्रोजेक्ट सांभाळून?"

"हो."

"मग तुझं शिक्षण कधी संपतंय?"

ह्यांच्या आधी लक्षातच आलं नाही. ताईंच्या आलं, त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली. साहेबांचा हिशोब सोपा होता. काम एका माणसाने झालंच होतं, माणूस तेवढा दुसरा निघाला. टकळीची पदवी होईपर्यंत तिच्यासारखंच कोणीतरी हंगामी बसवायचं आणि मग जागा तिला द्यायची. पुढच्या महिन्यापासून जुन्या तिघांचीही गरज नव्हती.

घरी आल्यावर टकळी म्हणाली, "मी नाही म्हणून कळवलंय."

"वेडी आहेस का?" हे म्हणाले. "तू नाही घेतलीस तर तुझ्या वर्गातलं कोणीतरी घेईल. त्यापेक्षा घरातली जागा घरात राहील."

"मामा, मी तुझ्या खुर्चीत बसणार नाही."

"खुर्ची चांगली आहे गं. पाठ तेवढी दुखते." ह्यांनी पिशवीतून निळी उशी काढली आणि तिच्यापुढे धरली. "म्हणून तर म्हणतो, ही ने."

पोर हमसून हमसून रडायला लागली. मी उशी ह्यांच्या हातातून ओढून घेतली. मला टकळीचा अभिमान वाटत होता, आणि तिने गप्प राहायला हवं होतं असंही वाटत होतं. आजही दोन्ही वाटतं.

टकळी आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या कंपनीत तेच वर्ष पुन्हा काढतेय. तिथे पासवर्ड पहिल्याच दिवशी मिळाला म्हणे. फोन करते, पण चार शब्दांत आटपते. उशी आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असते. हे सकाळी तिला टेकून मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती बघतात. अर्ज मन लावून भरतात, नाव, वय, अनुभव, सगळं. टायपिंगचा वेग किती, असा रकाना आला की पुढची जाहिरात उघडतात.