मे महिन्यातला लाल डाग

सोनकांबळे सरांची आणि माझी ओळख उमरग्याच्या महाविद्यालयात, भूगोलाच्या पहिल्याच तासाला झाली. सरांनी टेबलावर एक काळा दगड ठेवला आणि विचारलं, "हा कुठून आला?" मुलांनी लाव्हा, ज्वालामुखी, दख्खनचं पठार असं पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. आमचं भुसार मालाचं दुकान. दगडाशी माझा संबंध पोत्यावर वजन ठेवण्यापुरता. मी म्हणाले, "सर, कुणाच्या तरी बांधावरून." वर्ग हसला. सर मात्र खूश झाले. "हिनं बघून सांगितलं. माती लागलीय की त्याला! आता जाऊ ज्वालामुखीकडं."

सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि त्यांचं कुतूहल अजून शाळकरी आहे. एसटीत ते हटकून खिडकीशी बसतात आणि शेजारच्याला विचारतात, "इथं काळी माती, पुढं एकदम मुरूम. असं का हो?" शेजारचा बिचारा तिकीट काढून फसलेला असतो! पण विहीर खोदणारा भेटला, की सरच वही काढून विद्यार्थी होतात. त्यांच्या मातोश्री रस्त्याच्या कामावर खडी फोडत. "दगडाचं पहिलं शिक्षण आईकडं झालं," असं सर अभिमानानं सांगतात.

सरांच्या मोठेपणाबद्दल लिहायचं तर मला माझ्या लबाडीबद्दल लिहावं लागेल. मी एम. ए.ला होते. उन्हाळ्यात कुठल्या गावांना टँकर द्यायचा हे ठरवण्यासाठी एका सरकारी कचेरीनं सरांकडं सास्तूरच्या बाजूच्या गावांचा पाण्याचा नकाशा मागितला होता. सरांनी ते काम विश्वासानं माझ्याकडं सोपवलं. आम्ही वापरत होतो त्या उपग्रहचित्रांत हिरवी झाडी लाल रंगात दिसते. मे महिन्याच्या चित्रात एका गावचं सगळं शिवार राखाडी होतं आणि मधोमध एक लालभडक डाग. मला वाटलं, भर उन्हाळ्यात हिरवं म्हणजे बागायत, आणि बागायत म्हणजे पाणी. मी ऐटीत लिहिलं, 'बागायती पीक, पाणी उपलब्ध.'

"जागेवर जाऊन आलीस?" सरांनी विचारलं. ऊन मी म्हणत होतं. मी "हो" म्हणाले. सरांनी 'तपासले' म्हणून सही केली.

आठ दिवसांनी त्या गावचे दोघंजण महाविद्यालयात आले. टँकरच्या यादीतून त्यांचं गाव गळालं होतं. मला घेऊन सरांनी पहिली एसटी पकडली.

लाल डागाच्या जागी पीक नव्हतं. पडक्या दगडांवर वेडी बाभळ दाट माजली होती, आणि एक म्हाताऱ्या आजी तिथं शेळ्या चारत होत्या. सरांनी विचारलं, "आजी, इथं पाणी कुठं आहे?"

"पानी?" आजी हसल्या. "आवं, ही आमची पांढर हाय. भूकंपाच्या आधी हितंच गाव व्हतं. आमी तिकडं नव्या जागी गेलो अन् हितं बाभळ आली. दोन घागरीसाठी लई लांब जावं लागतंय बघा. ह्यो दगूड दिसतोय न्हवं, त्यो माझा उंबरा."

सरांनी चपला काढल्या आणि ते उंबऱ्याला वळसा घालून पलीकडं गेले. मला रडू फुटलं होतं. सर बाभळीच्या बुंध्याशी उकिडवे बसून म्हणाले, "मे महिन्यात इतकी हिरवी! मुळं किती खोल गेली असतील गं हिची? रड नंतर. आधी लिहून घे." त्या दुपारी आम्ही सगळं शिवार पायी फिरलो. पाणी कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर नवा नकाशा घेऊन कचेरीत गेले. मी बाहेर बाकावर बसले. ते आत काय बोलले ते मला कळलं नाही. गावाचं नाव यादीत परत आलं आणि दोन दिवसांत टँकर पोचला. परतताना सर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी 'नाही गेले' म्हण. मी सोबत येईन." त्यानंतर मी पाहिल्याशिवाय एक रेघ ओढलेली नाही. आज नकाशांवरच माझं पोट आहे.

या गौरवग्रंथासाठी विभागातल्या जुन्या फायली चाळताना सरांनी त्या कचेरीला दिलेल्या पत्राची प्रत सापडली. 'आधीचा नकाशा मी तयार केला. जागेवर न जाता केला. चूक सर्वस्वी माझी आहे.' माझं नाव कुठंही नव्हतं. सोबत जोडलेल्या दुरुस्त नकाशावर मात्र एकच नाव होतं, माझं. विभागातले जुने शिपाईमामा म्हणाले, "त्या साली सरांना लई बोलणी बसली. पुन्हा त्यांना त्या कामाला बोलवलंच न्हाय."

मला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि सर तर सांगणारच नव्हते. म्हणून सर्वांसमक्ष लिहून देते : तो चुकीचा नकाशा मी केला होता, आणि खोटंही मीच बोलले होते.

सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, तुमचे पाय असेच हिंडते राहोत. फक्त यापुढं आमच्या चुका आमच्याच नावावर राहू द्या.